आदेशावरची विश्रांती

(दृश्य: संध्याकाळचे सव्वासहा. मंत्रालयातून बाहेर पडणारी गर्दी.)

मंत्रालय सुटलं. आज शुक्रवार, त्यामुळे पावलं जरा जास्तच झपझप पडतायत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. त्याआधी फक्त दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा असायचा.

बाकीचे शनिवार फुकट मिळालेले नाहीत. मुंबईत साडेपाचला सुटणारं कार्यालय सव्वासहाला सुटू लागलं. वर्षातले कामाचे दिवस २८८ वरून २६४ वर आले, पण कामाचे तास २०८८ चे २११२ झाले. म्हणजे सरकारच्या पदरात चोवीस तास जादाच पडले, शिवाय वीज, पाणी आणि गाड्यांच्या डिझेलची बचत. कर्मचारी संघटनांनी वर्षानुवर्षं रेटलेली मागणी अखेर मान्य झाली ती अशी, मिनिटांच्या हिशेबावर. कसाऱ्याला राहणाऱ्या एखाद्या बाईंना विचारा, पाऊण तास उशिरा सुटलं की घरी पोचायला किती उशीर होतो. तरीही शनिवार सोडायला त्या तयार होणार नाहीत.

(दृश्य: प्रवेशद्वारावरचा पोलीस शिपाई.)

या गर्दीकडे पाहत उभा असलेला हा शिपाई मात्र त्या निर्णयात नव्हता. पोलीस, रुग्णालयं, अग्निशमन दल, शाळा असं बरंच काही वगळलेलं होतं. अत्यावश्यक सेवा आहे, वगळणं समजू शकतं. पण मग त्याने आपल्या तासांबद्दल बोलायचं कुणाशी?

एके काळी महाराष्ट्रात पोलिसांचीही संघटना होती. १५ ऑगस्ट १९८२ ला मुंबईतल्या शिपायांनी काळ्या फिती लावल्या. तीनच दिवसांत सरकारने नेत्यांना अटक केली, शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. संघटना मोडली ती मोडलीच. तेव्हापासून शिपायाच्या हाती उरला तो अर्ज. तोही वरिष्ठांमार्फत.

(दृश्य: देवनार पोलीस ठाणे. भिंतीवर ड्युटीचा तक्ता.)

म्हणूनच देवनारची गोष्ट वेगळी ठरते. २०१६ साली इथल्या एका शिपायाने थेट मुंबईच्या पोलीस आयुक्तांपुढे आराखडा ठेवला: बारा तासांऐवजी आठ तासांच्या पाळ्या. गाऱ्हाणं घेऊन आलेल्याला आश्वासनावर परत पाठवता येतं. तक्ता घेऊन आलेल्याला तक्त्यातली चूक दाखवून द्यावी लागते. आणि अडचण तक्त्यातच होती. दोनाच्या तीन पाळ्या करायच्या, तर प्रत्येक वेळी तेवढीच माणसं हजर ठेवायला दीडपट मनुष्यबळ लागतं. नवी भरती नाही, मग आहे त्या माणसांची मांडणीच बदलायला हवी.

आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी आराखडा फेटाळला नाही. त्या मे महिन्यात देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो शहरातल्या इतर ठाण्यांत नेला गेला. आठ तास काम, सोळा तास घर. मुलाला शाळेत सोडणं, आईला दवाखान्यात नेणं, नुसतं झोपणं. पोलीस वसाहतीत या गोष्टी चैनीत मोडतात.

पण हा करार नव्हता. दोन बाजूंच्या सह्या कुठेच नव्हत्या. मंत्रालयातला शनिवार काढून घ्यायचा म्हटलं तर सरकारला संघटनांच्या संपाचा विचार करावा लागेल. इथे एक नवा आदेश पुरतो. गणपती आले, निवडणूक आली, कुणा बड्या नेत्याचा दौरा लागला की साप्ताहिक सुट्टीसुद्धा आधी बंदोबस्तात जाते, आणि ड्युटी कधी संपणार हे घरी सांगता येत नाही.

(दृश्य: रात्रपाळीची हजेरी. रांगेत महिला पोलीस.)

जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी राज्यभरातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश काढला. नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये आधी तो करून पाहिला होता. घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बाईची दखल वर्दीने घेतली, हे चांगलंच झालं. मात्र कारण म्हणून पुढे आलं ते बाईवरचं घरचं काम. थकलेलं शरीर हे कारण धरलं असतं, तर तिच्या शेजारी हजेरीला उभा असलेला पुरुष शिपाईही त्या आदेशात आला असता.