एकोणीस आंदोलनं

(सोलापुरात बीएस्सी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बसा, बसा. पंख्यांची हवा पुढच्या तीन ओळींनाच लागतेय, मागच्यांनी सांभाळून घ्या.

आधी एक अवघड प्रश्न. हात वर करू नका, उत्तर मनातच द्या. इथे यायचंच होतं म्हणून किती जण आलात, आणि नीट हुकली, सीईटीला हवं ते मिळालं नाही म्हणून किती जण? दुसऱ्या गटातल्यांच्या सॅकमध्ये अजून क्लासची मटेरियलं असतात, हे मला दिसतं. रिपीट करायचं असेल तर खुशाल करा, पण ते लवकर ठरवा. प्रवेशाच्या फेऱ्या, मग गणपती, मग नवरात्र, आणि दिवाळीच्या आगेमागे पेपर. बारावीला अख्खं वर्ष होतं. इथे सेमिस्टरला जेमतेम पंधरा आठवडे मिळतात.

मी पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि अकरावीला विज्ञान घेतल्यावर एकदम इंग्रजी. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठही नव्हतं, ते २००४ साली झालं. आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती.

‘मॅडम, इंग्रजी जमत नाही,’ हे दरवर्षी कानावर येतं. खोटं नाही ते. पण एक गंमत सांगते. एसटी स्टँडवर पुस्तकांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन तासभर उभे राहा. घामाघूम व्हाल. भौतिकशास्त्र म्हणेल, सॅकवर केलेलं कार्य शून्य. ती तसूभर तरी हलली का? आता यात इंग्रजी कुठे आडवं आलं? ‘वर्क’ म्हणा, ‘कार्य’ म्हणा, आपल्या रोजच्या कामाशी त्याचं जमत नाही, अडचण तिथे आहे. आणि ती इंग्रजी माध्यमातल्या पोरालाही तेवढीच आहे. फक्त त्याला शब्द ओळखीचा वाटतो म्हणून समजल्यासारखंही वाटतं. तुम्हाला निदान अडल्याचं कळतं. तेव्हा वर्गात मराठीत विचारा, सोलापुरीत विचारा, पण विचारा. पेपरातलं इंग्रजी वहीच्या मागच्या पानावर रोज पाच-सात शब्द लिहीत गेलात तरी सुटतं.

आता मुद्द्याचं. अकरावी-बारावीत तुमच्यापैकी कितींनी लॅबचं कुलूप उघडलेलं पाहिलं? हसू नका, मीही त्यातलीच. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला उजळणी म्हणून आम्हाला साधा लंबक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा, दिला. दोऱ्याची लांबी एक मीटर, वीस आंदोलनांना, म्हणजे गोळ्याच्या जाऊन-येऊन वीस झोक्यांना, लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा. मी स्टॉपवॉच दाबलं, वीस मोजले, ३८.१ सेकंद आले. गणित केलं तर ‘जी’ १०.८८! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. उत्तर ९.८ असतं हे पाठ होतं. मग मी काय केलं? उलटं गणित केलं आणि ३८.१ खोडून ४०.१ लिहिलं. शेजारची म्हणालीही, “काय लिहायलीस बे?” मी म्हटलं, “गप की.”

सरांनी जर्नल पाहिलं. ‘जी’ ९.८२, अगदी सुरेख. ते खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे काय होतं?” मी गप्प. मग त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं, मोठ्यानं. मी गोळा सोडला आणि स्टॉपवॉच दाबत म्हटलं, “एक.”

सापडलं? गोळा सुटला तेव्हा एकही आंदोलन झालेलं नव्हतं. मी वीस म्हणायचे तेव्हा एकोणीसच झालेली असायची, आणि भागायचे मात्र विसानं. तीन-चार मिनिटांत सापडणारी चूक. पण खरा आकडा मी खोडला, तेव्हा ती सापडायची वाटच मी बंद केली होती. ३८.१ चुकीचं नव्हतंच हो, मोजणी चुकीची होती.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांना लंबक कळला नाही, खाडाखोड बरोब्बर कळली. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची आणि मगच पुढे. तसाच रेटला तर कापडात रेघ पडते, आणि व्यापारी तागा उलगडून नेमकी तीच पुढ्यात धरतो. वडील एवढंच म्हणाले, “माग थांबवायचा की गं.”

जर्नल उतरवून काढायची चाल अजून आहे, मला माहीत आहे. सीनियरकडून फाइल येते, रीडिंगं आयती येतात, शुक्रवारी सही होते. आम्हा शिक्षकांचाही यात हात आहे. सुबक उत्तर दिसलं की आम्ही सही करतो, वेड्यावाकड्याला लाल शेरा. माझ्या बॅचला मी सांगून ठेवलंय, खाडाखोड केलेला आकडा वाचता आला पाहिजे. एक आडवी रेघ मारा, गिरगटू नका, व्हाइटनर तर आणूच नका.

सोमवारी पहिली बॅच साडेदहाला. साधा लंबकच आहे. गोळा सोडताना “शून्य” म्हणा.