कानशिलावरची ठोके देणारी गाठ

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सरला की आझाद मैदानावर, शिवाजी पार्कात सीझन बॉलचे सामने सुरू होतात. साधारण 160 ग्रॅमचा तो चेंडू कानशिलावर बसला की टेंगूळ येतं, बर्फ लावला जातो, सूज उतरते आणि घरचे विसरून जातात. आज बोलायचंय ते त्यापुढच्या दोन ते सहा आठवड्यांबद्दल.

कानापुढून कपाळाकडे एक रोहिणी जाते. खाली कवटीचं हाड, वर नुसती कातडी. चेंडू लागला की ती हाडावर चेपली जाते आणि तिच्या भिंतीला चीर पडते. बाहेर आलेलं रक्त भोवती साकळतं, पण चीर काही बुजत नाही. दर ठोक्याला रक्त आत घुसतं नि गाठ वाढत जाते. डॉक्टर तिला स्यूडोअन्युरिझम म्हणतात. प्रकार दुर्मिळ, म्हणूनच ती चरबीची गाठ किंवा गळू वाटते. गळू समजून कुणी चिरली, तर रक्ताची धार लागते.

गाठीवर दोन बोटं अलगद ठेवा. मनगटाच्या नाडीबरोबर ती उडत असेल, तर तेल लावून चोळू नका, शेकू नका, सुई घालू देऊ नका. कलर डॉप्लर सोनोग्राफीत आत घोळणारं रक्त लाल-निळं दिसतं आणि निदान होतं. मग रोहिणी दोन्ही बाजूंनी बांधून गाठ काढतात, बहुतेक वेळा तेवढ्या जागेला भूल देऊन. डोक्याच्या कातडीला इतर रोहिण्यांचं रक्त भरपूर मिळतं, त्यामुळे ही बांधल्याची धास्ती नको.

खरी धास्ती डोळ्याची. बाइक खड्ड्यात आदळून चेहऱ्याचं हाड मोडलं, आणि काही दिवसांनी वा आठवड्यांनी डोळा लाल होऊन पुढे आला, एकाचे दोन दिसू लागले, डोक्यात नाडीच्या तालावर सूं-सूं ऐकू येऊ लागलं, तर डोळे आले म्हणून थेंब घालत बसू नका. डोळ्यामागे मेंदूची मोठी रोहिणी शिरांच्या पोकळीत फुटलेली असू शकते. नजर कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. बहुधा जांघेतून बारीक नळी नेऊन ते छिद्र आतून बंद करता येतं.

अशा अपघातानंतर आठवड्यांनी नाकातून एकाएकी भळाभळा रक्त आलं, तर पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि लगेच 108 ला फोन लावा. रक्त आपोआप थांबलं तरी जा, ते पुन्हा सुटू शकतं. आणि तिथे गेल्यावर जुना मार आपणहून सांगा. जखम भरलेली असली की त्याबद्दल विचारलं जाईलच असं नाही.