पोचपावती नव्या पानाची

(रोपवाटिकाधारकांच्या मेळाव्यातील भाषण, शब्दांकन करून)

मंडळी, नमस्कार. विषय दिलाय 'माड-पोफळीच्या रोपांचं पॅकिंग आणि वाहतूक', आणि वेळ दिलाय वीस मिनिटं. इथल्या निम्म्या लोकांच्या स्वतःच्या रोपवाटिका आहेत, त्यामुळे पिशवी कशी भरायची ते मी सांगत बसत नाही. पॅकिंगवर येणारच आहे, पण त्याआधी मनात बरीच वर्षं घोळणारी एक गोष्ट बोलून घेते. आपण रोपं गाडीत चढवतो, पैसे जमा होतात, समोरचा पोचपावतीवर सही करतो आणि आपण वही मिटतो. माडाच्या बाबतीत वही त्या दिवशी मिटता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माडाला फांदी नाही. जास्वंदीचा शेंडा मोडला तर खालून चार फुटवे येतात. माड, पोफळ, ताड यांचा सगळा जीव शेंड्याच्या पोटातल्या एका कोंबात असतो. तो गेला की झाड गेलं. आणि तो गेल्याचं आधीची पानं महिना-महिना कळू देत नाहीत, हिरवीगार राहतात.

शोभेच्या पामचं गणित थोडं वेगळं. पुण्याच्या एका ताईंनी फोनवर पन्नास 'अरेका' मागितल्या. मी पोफळीची पन्नास रोपं काढून ठेवली आणि सवयीनं सांगितलं, पाचव्या-सहाव्या वर्षी सुपारी धरायला लागेल. त्या म्हणाल्या, "अहो, सुपारी कसली? मला हॉलच्या कोपऱ्यात ठेवायच्यात!" (हशा) त्यांना हवा होता तो कुंडीतला अरेका पाम. तो मूळचा मादागास्करचा. शास्त्रीय नावात अरेका आहे ती आपली पोफळ. तो कुंडीतला बेटानं वाढतो, वाटेत एक खोड मोडलं तरी बाकीची असतात. पोफळीला ही सवलत नाही. म्हणून गाडी भरणाऱ्याला आत नेमकं काय आहे ते माहीत पाहिजे.

आता सांगोल्याची गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं झाली. तिकडच्या एका शेतकऱ्यानं आमच्याकडून बाणवलीची, म्हणजे माडाच्या उंच जातीची, दोनशे रोपं घेतली. नऊ-दहा महिन्यांची, सहा-सात पानांची, बुंध्याचा घेर 10 सेंमीच्या वर, दृष्ट लागावी अशी. वाफ्यातून आम्ही ती फावड्यानं, नारळाखाली हात घालून काढली होती. गाडी आली दुपारी. अंधार पडायच्या आत कुंभार्ली घाट चढायचा म्हणून ड्रायव्हरची घाई. हमालांनी रोपं पानांना धरून उचलली, एका हातात चार-चार, करडू कानाला धरून उचलावं तशी. मी ओटीवर बिल लिहीत होते. पाहिलं. दोन शब्द बोलायला हवे होते, ते बोलले नाही.

नागपंचमीच्या सुमाराला फोन आला. "ताई, पानं हिरवी हायती, पण वाढ न्हाई." मी एसटीनं गेले. त्या माणसानं तीन-तीन फुटांचे खड्डे घेतले होते, शेणखत घातलं होतं, प्रत्येक रोपाला कडब्याचा आडोसा केला होता. इतकी निगा आमच्या कोकणातसुद्धा कोणी करत नाही. मी पहिल्या रोपाचा मधला कोंब दोन बोटांत धरला आणि जरा ओढला. तो अलगद हातात आला. बुडाशी तपकिरी, मऊ, आंबूस वासाचा. दुसऱ्याचा आला. तिसऱ्याचा आला. एकसष्टपर्यंत मोजलं आणि थांबले.

मग एक रोप उकरलं. नारळ एका हातात राहिला आणि रोप दुसऱ्या हातात. लहान रोपाचं जेवण त्या नारळात असतं, तुम्हाला माहीत आहे. आत तो गोड, स्पंजासारखा गोळा वाढतो आणि खोबरं शोषून रोपाला वर्षभर पुरवतो. किलोभर वजनाचा नारळ खाली लोंबत असताना रोप पानांना धरून उचललं की सगळा ताण मानेवर येतो आणि तो सांधा आतून तुटतो. बाहेरून काही दिसत नाही.

हे मी पाहत असताना तो शेतकरी मला म्हणाला, "आमच्या बोअरचं पाणी मचूळ हाय ताई, त्यानंच झालं असणार. तुमची चांगली रोपं मी वाया घालवली." तो माझी माफी मागत होता. पुढच्या पावसात आम्ही रोपं बदलून दिली, पण त्याचं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. असे किती जण पाण्याला, जमिनीला, नशिबाला दोष देत गप्प बसले असतील?

म्हणून माझा आग्रह आहे की पोचपावती नव्या पानाची घ्यावी. रोप उतरलं की मधल्या कोंबावर आणि शेजारच्या पानाच्या देठावर पेनानं एक सरळ आडवी रेघ मारायची. कोंब जिवंत असेल तर त्याची रेघ हळूहळू वर सरकते, देठावरची तिथेच राहते. पंधरा दिवसांनी एक फोटो, दीड महिन्यानं दुसरा. नवं पान उघडलं की उरलेले दहा टक्के पैसे घ्यायचे. (मागे कुजबुज) ऐकू येतंय मला, धंदा कसा चालेल म्हणताय. पाच वर्षं मी असाच चालवते आहे.

एक उदाहरण देते. 1927 साली वॉल्टर स्विंगल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मोरोक्कोतून मेजूल खजुराचे 11 फुटवे नेले. तिथे बायूद नावाच्या रोगानं खजुराच्या बागा बसत होत्या. अमेरिकेत पोचल्यावर ते थेट बागेत लावले नाहीत. नेवाडात, खजुराची दुसरी झाडं नव्हती अशा जागी, काही वर्षं पाहणीखाली ठेवले. नऊ जगले. अमेरिकेतल्या मेजूलच्या बागा त्या नऊंपासून वाढल्या. पार्सल पोचल्यावर काही वर्षं वाट पाहिली त्यांनी! आपण दीड महिना...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. पॅकिंग भरभर सांगते.

पाणी आदल्या दिवशी द्या, निघताना नको. चिखल झालेली पिशवी फाटते आणि मातीचा गोळा मुळं घेऊन सुटतो. पानं वर गोळा करून सुतळीनं सैल बांधा, कोंबाला दोरी लागता कामा नये. रोप उचलायचं ते नारळाखाली किंवा पिशवीखाली हात घालूनच. गाडीत खाली पेंढा, पिशव्यांच्या फटींत नारळाची सोडणं ठासून भरा. आडवी रचायची असतील तर मुळं केबिनकडे, शेंडे मागे, म्हणजे वारा पानांवरून सरळ निघून जातो. वरून शेडनेट बांधा. नुसती ताडपत्री गच्च आवळली तर आत भट्टी होते. ऊन उतरल्यावर भरा, रात्री चालवा. उतरल्यावर आठ-दहा दिवस सावलीत.

कीड. ही मला सविस्तर सांगायची होती. भरण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहा. रुगोज चक्राकार पांढरी माशी 2016 साली तमिळनाडूत पोल्लाचीकडे दिसली आणि आज आपल्या माडांवर आहे. ती पानाच्या पाठीवर बसून गाडीतून येते. आपल्याकडचा सोंड्या भुंगा पामच्या झाडांच्या व्यापारातूनच आखातात, इजिप्तमध्ये, तिथून स्पेनपर्यंत पोचला. अळी खोडाच्या आत असते, वरून झाड ठणठणीत. मोठी झाडं परराज्यातून आणत असाल तर बागेपासून दूर ठेवा, तीन महिने तरी.

वेळ संपली. बाहेर टेंपोत मी तीन रोपं आणली आहेत. तिन्ही हिरवी आहेत, त्यातल्या एकाचा कोंब गेलेला आहे. चहा घेऊन या, हात लावून ओळखा कुठलं ते, मग रेघ कशी मारायची ते दाखवते. पेन माझ्याकडे आहे.