तापल्यावरही धरून ठेवणारा बोल्ट

मंडळी, हा स्टड बघा, म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट. पिकअपच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या, अगदी टोकाचा. तुटलेलं तोंड अर्धं काळवंडलंय, अर्धं चकचकीत आहे. म्हणजे तडा जुनाच होता, पुरता तुटला तो परवा. मालकाची तक्रार एवढीच, की सकाळी गाडी सुरू केली की टिकटिक येते आणि इंजिन तापलं की थांबते. लोखंड फुगतं, धूर गळणारी फट मिटते, आणि आपल्याला वाटतं आजार गेला.

यापूर्वी इथलाच 8.8 चा स्टड तुटला, तेव्हा कुणीतरी हा 10.9 चा बसवला होता (हे आकडे बोल्टच्या ताकदीची प्रत सांगतात). 'जास्त आकडा, जास्त दम' हा हिशेब इथे चुकतो. 10.9 ची ताकद, सुमारे 1000 मेगापास्कल, थंड असतानाची. ती उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेली असते. चढावर ओझं ओढताना मॅनिफोल्ड 600 अंशांपुढे जाऊ शकतं. त्याला चिकटून राहिलेला स्टड मऊ पडतो, हळूहळू ताणला जातो आणि पकड सुटते. मग लांबलचक मॅनिफोल्ड तापताना-निवताना पुढे-मागे सरकतं आणि टोकाच्या स्टडला वाकवत राहतं. तिथे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा, कंपनीने त्याच जागेसाठी दिलेला स्टडच घ्यावा.

मग स्टेनलेस का नको? गंजत नाही, हे खरं. पण 304 नावाचं नेहमीचं स्टेनलेस बिडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं. बिडाच्या मॅनिफोल्डवर असा स्टड तापला की जरा जास्तच लांबतो आणि गॅस्केटवरचा, म्हणजे सांध्यात सील म्हणून बसवलेल्या चकतीवरचा, दाब उतरतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट फिरवा, आटे एकमेकांना असे चावतात की पाना तुमच्या हातात आणि स्टडचा तुकडा पान्यात! मागच्या पाइपांच्या फ्लँजला (पाइप जोडणाऱ्या, बोल्टची भोकं असलेल्या कडेला) मी स्टेनलेस खुशाल लावतो, पण निकेलचं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावून. आटे निसरडे झाले की तोच टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, बोल्ट जास्त ताणतो, म्हणून टॉर्क थोडा कमी ठेवायचा.

नायलॉनचा लॉकनट इथे आणूच नका. त्यातली चकती 120 अंशांच्या पुढे ढिली पडते. आटे किंचित दाबलेला, पूर्ण धातूचा लॉकनट घ्या.

आता खालच्या पाइपचा गोलाकार सांधा. तिथे स्प्रिंगवाले बोल्ट असतात, कारण इंजिन डुलतं आणि सांध्यानेही डुलायला हवं. स्प्रिंग हरवली म्हणून साधा बोल्ट आवळला, तर सांधा जखडतो आणि तडा भलतीकडेच, बहुधा वेल्डजवळ जातो. हा बोल्ट खांदा टेकेपर्यंतच फिरवायचा; दाब किती द्यायचा ते स्प्रिंग ठरवते.

मागून प्रश्न आला, 'वेल्डच करून टाकलं तर?' मागच्या सरकत्या सांध्याला, म्हणजे एक पाइप दुसऱ्यात घुसवलेला असतो तिथे, चालेल. पण पुढे गिअरबॉक्स उतरवताना पाइप कापावा लागेल. त्यापेक्षा रुंद पट्टीचा क्लॅम्प बरा. यू-बोल्ट पाइप चेचतो, मग तो निघतही नाही आणि नीट सीलही होत नाही.