पोटोसीची चांदी आणि स्पेनचं दिवाळं

(दृश्य: बोलिव्हियातला सेरो रिको डोंगर, पायथ्याशी शहर)

हा सेरो रिको. पायथ्याचं पोटोसी शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटरवर आहे. नव्या माणसाला इथे चार पावलांत धाप लागते. 1545 मध्ये या डोंगरात चांदी सापडली आणि पुढची शंभरेक वर्षं स्पेनचे राजे त्याच्याच भरवशावर कर्ज काढत राहिले.

खणायचं कुणी? 1570 च्या दशकात स्पेनचा इथला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द तोलेदो याने, स्पेनच्या आधी इथे राज्य करणाऱ्या इंकांची पाळीपाळीने राज्याचं काम करण्याची जुनी 'मिता' पद्धत उचलली आणि तिची सरळ वेठबिगारी केली. ठरवून दिलेल्या प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाला पाळीने खाणीवर जावं लागे; वर्षाला सुमारे 13 हजार माणसं. अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती, चामड्याच्या दोरांची शिडी आणि पाठीवर दगडांचं ओझं. वर आलेला दगड पाणचक्कीच्या घणांखाली पिठासारखा कुटायचा, त्यात मीठ, पाणी आणि पारा घालून चिखल तुडवायचा. पारा चांदीला धरतो. तो गोळा भट्टीत तापवला की पारा वाफ होऊन जातो, चांदी उरते. ती वाफ मजुरांच्या छातीत भरायची.

(दृश्य: स्पेनमधलं सेव्हिल बंदर, ग्वादाल्कीव्हिर नदीचा काठ)

चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा; तो पोटोसीतच कापून घेतला जाई आणि जहाजाने सेव्हिलच्या धक्क्यावर उतरे. पण जहाज लागायच्या आधीच तो बहुतेक गहाण पडलेला असे. स्पेनच्याच ताब्यातल्या नेदरलँड्समधलं बंड, तुर्कांशी समुद्रावरच्या लढाया, पुढे इंग्लंडवरची मोहीम. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा खर्च थांबेचना, आणि कर्ज देणारे होते इटलीतल्या जिनोआ शहराचे सावकार. 1557, 1560, 1575, 1596. ज्याच्या नावाने जगातली सर्वांत मोठी चांदीची खाण चालत होती, त्या राजाने कर्ज फेडण्याबाबत चारदा हात वर केले.

1575 च्या दिवाळ्याचा फटका पाहा. नेदरलँड्समधल्या स्पॅनिश फौजेचा पगार थकला. 4 नोव्हेंबर 1576 ला सैनिक अँटवर्पमध्ये घुसले, हजारो लोक मारले, उत्तर युरोपची सर्वांत श्रीमंत पेठ लुटली. चारच दिवसांत एकमेकांशी भांडणारे नेदरलँड्समधले प्रांत या फौजेविरुद्ध एक झाले.

(दृश्य: जुनी नाणी, बाजाराची चित्रं)

दरम्यान स्पेनमध्ये सोळाव्या शतकात भाव तिपटी-चौपटीने वाढले. आजच्या हिशेबाने वर्षाला दीड टक्काही नाही. पण पिढ्यान् पिढ्या स्थिर भाव पाहिलेल्या लोकांना ही वाढ असह्य झाली. सगळा दोष चांदीला देणं आम्हाला पटत नाही, कारण लोकसंख्याही वाढत होती. तरी सालामांकाचे पंडित मार्टिन द आझपिलकुएता यांनी 1556 मध्येच लिहून ठेवलं होतं, की फ्रान्समध्ये पैसा कमी, म्हणून तिथे माल आणि मजुरी स्पेनपेक्षा स्वस्त. मग व्हायचं तेच झालं. स्पॅनिश कापड महाग पडू लागलं, परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आणि चांदी आली तशी सरहद्दीबाहेर गेली.

ती ॲमस्टरडॅम आणि लंडनपाशीही थांबली नाही. डच आणि इंग्रज कंपन्यांना मिरी, नीळ, सुती कापड हवं होतं. त्यांची जाड लोकर हिंदुस्थानात घेणार कोण? रोख चांदीच मोजावी लागे. सुरतेला उतरलेल्या स्पॅनिश रियाल नाण्यांचे मुघल टांकसाळीत रुपये पाडले जात, आणि त्यातूनच दलालांमार्फत गुजरातेतल्या विणकरांच्या हाती कापडाची आगाऊ रक्कम पडे.