फेब्रुवारीतले तीनशे रुपये

नमस्कार. तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी आपली पगाराची स्लिप डोळ्यांसमोर आणा. कपातीच्या रकान्यात पीएफ असतो, आयकर असतो, आणि आसपास कुठेतरी 'पी.टी.', म्हणजे व्यवसाय कर, असं लिहून पुढे दोनशे रुपये. फेब्रुवारीत त्याच जागी तीनशे येतात. दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, "काका, या महिन्यात शंभर जास्त का कापले?" हिशोब सोपा आहे. अकरा महिन्यांचे २०० म्हणजे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, झाले २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही.

पण हे पैसे कशासाठी कापले जातात, हे मात्र मला आजवर फार थोड्यांनी विचारलं. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

१९७३ च्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांचा होतो. सलग पाऊस हुकलेला, विहिरी कोरड्या, घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. दुपारी तिची भाकरी पोचवायला मी जायचो, त्यामुळे ते काम मी जवळून पाहिलं आहे. पुरुष खोदायचे, बाया पाट्या वाहायच्या. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता तसाच ठेवलेला असे. आठवड्याच्या शेवटी ओव्हरसियर टेप घेऊन यायचा, त्या खुंटाची उंची मोजायचा, आणि टोळीनं किती माती काढली ते त्यावरून ठरायचं. मजुरी त्या मापावर. आम्हा पोरांचा खेळ त्या खड्ड्यांतून चाले, पण खुंटाला कोणी हात लावला की आई धावून यायची. तेव्हा मला वाटायचं, मातीच्या ढिगावर एवढं काय रागवायचं! मजुरी घेताना मस्टरवर अंगठा उठवावा लागे, त्याची निळी शाई तिच्या डाव्या अंगठ्यावरून दोन-दोन दिवस जात नसे.

त्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. एवढी माणसं कामावर घेणं, त्यांची हजेरी ठेवणं, त्यांना मजुरी देणं हे ज्या प्रशासनानं केलं, त्याला मी आजही मान देतो.

दुष्काळी काम मात्र दुष्काळ संपला की बंद होतं. ते सरकारच्या मर्जीवर चालतं. वि. स. पागे यांचा विचार याच्या पुढचा होता. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात यासाठीचा पहिला प्रयोग झाला होता. विचार असा, की खेड्यातल्या धडधाकट माणसानं काम मागितलं तर ते मिळणं हा त्याचा हक्क असावा. १९७२ मध्ये त्यासाठी रोजगार हमी योजना जाहीर झाली, दुष्काळामुळे बाजूला पडली, १९७४ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. तो भत्ता दिवसाला एक रुपया इतकाच होता, पण सरकारनं स्वतःला कायद्यानं बांधून घेतलं, हे त्या एका रुपयाचं मोल.

आता पैशाचं बघू. मागणीवर चालणाऱ्या योजनेची एक अडचण असते. किती लोक काम मागतील हे मार्चमध्ये, अर्थसंकल्प मांडताना कोण सांगणार? पाऊस जूनमध्ये कळतो. म्हणून या योजनेला स्वतःचा पैसा हवा होता. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला आणि रोजगार हमीसाठी जादा पैसा उभा करणं हा त्याचा हेतू कायद्यातच लिहिला गेला. जोडीला मोटार वाहनं, ऊस खरेदी, बागायती जमीन यांवरही जादा कर बसले. आणि जेवढा कर गोळा होईल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या खिशातून घालायची, असंही ठरलं.

मुंबईच्या हपिसात बसलेल्या कारकुनानं महिन्याला काही रुपये द्यायचे आणि त्यातून बीडच्या किंवा आटपाडीच्या बाईला पाटीभर मातीची मजुरी मिळायची. शहर आणि खेडं यांच्यात असा थेट, लेखी व्यवहार देशात त्याआधी इतक्या मोठ्या प्रमाणावर झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. २००५ साली केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

मी जन्मभर लेखा विभागात काम केलं, त्यामुळे पुढची गोष्ट जरा तपशिलात सांगतो. माझं दुखणं तिथेच आहे.

तुमचे दोनशे रुपये थेट रोजगार हमीच्या निधीत जात नाहीत. घटनेच्या कलम २६६ प्रमाणे प्रत्येक कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत पडतो. ती एक मोठी कणगी समजा. त्यातून रोजगार हमी निधीकडे रक्कम वळवायची तर अर्थसंकल्पात तशी तरतूद करावी लागते, सभागृहानं ती मंजूर करावी लागते, मग कुठे खात्यावर नोंद होते. तरतूद कमी केली किंवा वर्षाअखेरीवर ढकलली तर पैसा कणगीतच राहतो. तो चोरीला जात नाही, पगार, व्याज, रस्ते अशा कुठल्या तरी खर्चात मिसळून जातो. कोणाच्या नावानं बोट दाखवावं असं काही घडत नाही, म्हणूनच ते वर्षानुवर्षं घडू शकतं.

नव्वदच्या दशकात योजनेवरची माणसं कमी होत गेली, खर्च उतरला, कर मात्र येतच राहिला. २००६ पासून अकुशल मजुरीचा मोठा भार केंद्रानं उचलला. पी.टी. तरीही कापला जातोच आहे. माझी त्याला हरकत नाही. कर घ्या, पण त्याचं काय केलं ते सांगा. ज्या कामासाठी घेतला त्यावर वर्षात किती खर्चला आणि किती दुसरीकडे वळला, हे दोन आकडे शेजारी शेजारी का छापू नयेत?

आणखी एक अन्याय आहे. २,५०० ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीची. त्याआधी ती २५० होती, म्हणजे तेव्हा ती दहापट केली. नंतर तिला कोणी हात लावला नाही. चौदाव्या वित्त आयोगानं ती १२,००० करावी असं सुचवलं होतं, तेही तसंच पडून आहे. परिणाम असा, की महिना अकरा हजार मिळवणारा वॉचमन आणि महिना अकरा लाख मिळवणारा त्याच इमारतीतला कंपनीचा संचालक सारखेच २,५०० भरतात. महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ मध्ये सूट मिळाली, ते फार चांगलं झालं. त्या वॉचमनला ती नाही. वरच्या पगारांसाठी मर्यादा वाढवा आणि खालच्यांना मोकळं करा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती लागेल, पण हिशोब छापायला कसलीही दुरुस्ती लागत नाही. एखाद्या आमदारानं प्रश्न विचारला तरी पुरे.

आईच्या हातची माती ज्या तलावाच्या भरावात आहे, तो तलाव अजून आहे. गाळ साचलाय, सांडवा एका बाजूनं ढासळलाय. तरी त्याच्या खालच्या अंगाच्या चार विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी असतं. मागच्या वर्षी मी तिथे गेलो होतो. सांडव्याची दुरुस्ती कधी होणार, असं एका शेतकऱ्यानं मला विचारलं. मी सरकारी नोकरीत होतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, निधी आहे का ते बघतो. त्यानंतर मी अर्थसंकल्पाची पुस्तकं काढून बसलो, आणि आजचं हे व्याख्यान त्यातून निघालं.