आंबा घाट, दुसरा गिअर

[पहाट. मिरकरवाडा जेटी. फावड्याने बर्फ ओढल्याचा आवाज.]

पहाटेचे साडेचार वाजलेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी लागल्यात आणि बांगड्याच्या क्रेटवर बर्फाचा शेवटचा थर पडतोय. या पिकअपला उजाडता उजाडता साखरपा गाठायचंय, आणि बाजार उठायच्या आत कोल्हापूर. अंतर एकशेतीस किलोमीटरच्या आसपास. हौद्यात कागदोपत्री दीड टन माल आहे. बर्फ धरून किती, ते आम्ही विचारलं नाही आणि ड्रायव्हरनेही सांगितलं नाही.

साखरप्यापर्यंत गाडीची काही तक्रार नसते. मग आंबा घाट लागतो.

[गाडीच्या आतून. इंजिनाचा आवाज जड होत जातो.]

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. पाय तळाला टेकलेला, काटा पंचविशीवर, आरशात काळा धूर. मागचा एसटीवाला हॉर्न वाजवून कंटाळलाय. स्टिअरिंगवर जो आहे तोच मालक. आमच्याकडे न बघता म्हणतो, "बघताय ना? ओढतच नाही. दमेकरी झालीय."

औषधही त्याने ठरवून टाकलंय. मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र. फोनवर अमेरिकेतला व्हिडिओ बघितलाय. त्यातला टर्बो सोललेल्या नारळाएवढा, आणि गाडी अशी सुटते की बघणाऱ्याचाच हात सीटवर घट्ट बसावा.

व्हिडिओ खोटा नाही. पण तो टर्बो 6.7 लिटरच्या, सहा सिलिंडरच्या कमिन्स इंजिनावर बसलाय. तिकडची हौशी मंडळी टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाचं तोंड 62 मिलिमीटरचं घ्यावं की 66 चं, यावर रात्र-रात्र वाद घालतात. आपलं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, ताकद पंचाहत्तर हॉर्सपॉवरच्या घरात. बैलगाडीला रेल्वेचं चाक लावण्यातला प्रकार.

[हातखंब्याजवळचं गॅरेज. दुपार.]

मिस्त्री साठीचे आहेत. टर्बो मागणारी अशी तरणी पोरं त्यांनी पुष्कळ बघितलीत, त्यामुळे ते नाही म्हणत नाहीत. फक्त विचारतात.

"घाटात कितव्यावर असतोस?"

"दुसऱ्यावर."

"आणि स्पीड?"

"पंचवीस. फार तर."

"म्हणजे इंजिन मिनिटाला अठराशे फेऱ्यांवर. मग सांग, तुला हवा अठराशेला हवीय की बत्तीसशेला?"

इथे पोरगा गप्प होतो. खरं तर निवड याच प्रश्नात होऊन जाते.

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन चाकं. एक चाक, टर्बाइन, सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतं, दुसरं, कॉम्प्रेसर, ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. पिकअपच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. पण चाक जेवढं मोठं, तेवढा ते फिरवायला धूर जास्त लागतो. आणि अठराशेवर रांगणाऱ्या इंजिनाकडे धूर असतो थोडाच. काळा दिसतो म्हणून पुष्कळ आहे असं नव्हे.

[जवळून: फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीचे आकडे.]

मिस्त्रींनी एअर फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतलाय. कानामागची सुतारी पेन्सिल त्यावर चालतेय. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. अठराशेला नऊशे वेळा, गुणिले अडीच लिटर. पूर्ण भरत नाही, म्हणून थोडं कापायचं. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब, 16 पीएसआय (हे दाबाचं माप) धरला आणि दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून हवा साठ अंशांवर आली, तर इंजिनाला मिनिटाला साडेचार किलोच्या आतबाहेर हवा लागते. बत्तीसशेला हाच आकडा पावणेआठच्या जवळ जातो.

शिवाय घाटाचा म्हणून एक हिशेब. आंब्याचा माथा दोन हजार फुटांच्या आसपास आहे. बंदरावर हवेचा स्वतःचा दाब 14.7 पीएसआय, वर साधारण 13.6. तोच 16 चा बूस्ट खाली 2.09 पट दाब मागतो, माथ्यावर 2.18 पट. म्हणजे गाडी जिथे रडते, नेमकं तिथेच टर्बोला जास्त राबावं लागतं.

आता हे आकडे टर्बोच्या नकाशावर मांडायचे. होय, प्रत्येक कॉम्प्रेसरचा नकाशा असतो. आडवी हवा, उभं दाबाचं प्रमाण, आणि मधे डोंगराच्या नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या वर्तुळाकार रेषा. डावीकडच्या कडेला सर्ज रेषा. तिच्या डावीकडे गेलात की दाबलेली हवा उलटी फिरते, पंखे फडफडतात आणि शाफ्टच्या बेअरिंगवर हातोडे पडतात. व्हिडिओतल्या त्या नारळावर ही गाडी घाटभर याच कडेच्या बाहेर लोंबकळत राहिली असती, तीही चाकाने वेग धरलाच असता तर.

मग मिस्त्रींच्या मते काय घ्यावं? मूळ टर्बोच्याच मापाची बॉडी, टर्बाइनची बाजू होती तेवढीच लहान, आणि कॉम्प्रेसरचं चाक एकाच मापाने मोठं. गॅरेजच्या भाषेत हायब्रिड. बूस्ट पहिल्यासारखा लवकर येतो आणि वर थोडा श्वास उरतो. पानं हलणारा, व्हेरिएबल टर्बोही चालला असता. त्यातली धुराच्या वाटेवरची पानं कमी फेऱ्यांना मिटून धुराचा वेग वाढवतात, म्हणून घाटाला तो उत्तम. पण काजळीने पानं अडकली की खोलून साफ करणं आलं, आणि ही गाडी तर काजळीचा कारखानाच. लहानाला मोठा जोडून दोन टर्बो लावायचे, तर बॉनेटखाली जागा नाही आणि खिशातही नाही.

एक गोष्ट मिस्त्री दोनदा बजावतात. टर्बो फक्त हवा देतो. ताकद डिझेलची. हवा वाढली की डिझेलचा पंप वाढवायचा मोह होतो, आणि डिझेल वाढलं की धुराची उष्णता चढते. टर्बाइनच्या आधी सातशे-साडेसातशे अंशांच्या वर घाटभर गाडी रेटली, तर पहिला बळी पिस्टनचा. म्हणून टर्बोच्या आधी दोन काटे घ्यायचे, एक बूस्टचा, एक एक्झॉस्टच्या तापमानाचा. माझ्या मते या सगळ्या खर्चातला सर्वांत शहाणा खर्च हाच.

कायद्याचंही पोराला माहीत असायला हवं. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. ही गाडी पोटाची आहे, पासिंगला जाते, विम्यावर चालते. आरटीओत विचारल्याशिवाय पाना उचलायचा नाही. धुराच्या नव्या, कडक निकषांची बीएस-6 गाडी असती, तर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि सेन्सरांमुळे हा विषय मिस्त्रींनी पहिल्या चहालाच संपवला असता.

[इंटरकूलर खाली काढलेला. साबणाचं पाणी, ब्रश.]

आणि मग, पुठ्ठा बाजूला ठेवून, मिस्त्री जुनी गाडीच तपासायला घेतात.

इंटरकूलरच्या पंखांवर बघा. जांभ्याची लाल धूळ, त्यावर बंदराची खार, आणि खाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी. खपलीच धरलीय. पस्तीस अंशांची हवा दुप्पट दाबली की ती एकशेतीसच्या घरात तापते. ती साठवर आली, तर तेवढ्याच दाबात हवा वीस टक्क्यांनी जास्त मावते. इथे वारा आरपार जायलाच जागा नाही, मग थंड होणार कशी?

पाइपाचं तोंड बंद करून गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा सोडतात, पाइपाच्या वळणावरच्या रबरी कोपऱ्यावर साबणाचं पाणी फिरवतात. खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे बोटभर चिरेतून फेस वर येतो. टर्बोने कमावलेला बूस्ट इथून निघून जात होता. धूर काळा, त्याचं कारण हेच. पोरगा वाकून बघतो, क्लिपवरचा गंज नखाने खरवडतो, काही बोलत नाही.

मिस्त्री टर्बोचा शाफ्ट दोन बोटांनी हलवून बघतात. प्ले, म्हणजे ढिलेपणा, थोडा आहे, चालण्यासारखा. तेल परतण्याच्या नळीत मात्र कडक काळी काजळी.

"वर चहाला थांबलास की लगेच चावी काढतोस ना?"

"डिझेल फुकट जातं, मिस्त्री."

"तुझं डिझेल वाचतं, आणि टर्बोत अडकलेलं तेल जागच्या जागी भाजतं. दोन मिनिटं स्लोवर ठेव, मेल्या. थंड होऊ दे त्याला."

रबरी कोपरा नवा, क्लिपा स्टीलच्या, इंटरकूलर धुतलेला, बूस्टचा काटा डॅशबोर्डवर. आज एवढंच. हायब्रिडचा विषय 1 जूनवर ढकललाय. त्या दिवसापासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर, आणि गाडीही उभी. आरटीओच्या खेपा तेव्हाच घालता येतील. आकड्यांचा पुठ्ठा पोराने समोरच्या सनशेडला खोचून ठेवलाय.

[पुन्हा पहाट. आंबा घाट. काट्यावर कॅमेरा.]

दुसरा गिअर. बूस्टचा काटा 9 वर, मग 12, वळण संपताना 14. पोरगा तिसरा टाकून बघतो. गाडी तो घेते, दोन वळणं टिकवते, मग पुन्हा दुसऱ्यावर यावं लागतं. एसटी अजून मागेच आहे, पण आज हॉर्न नाही.

आंबा घाटातल्या टपरीशी गाडी लागते. तो उतरतो, दोन चहा सांगतो. चावी गाडीतच आहे, आणि इंजिन स्लोवर धुगधुगतंय. टपरीवाला विचारतो, "बंद नाही करणार?"

"थांब जरा," तो म्हणतो, आणि मोबाइलवर वेळ बघतो.